पुढच्या चाकांची ओढ

नारपोलीत आज कुणी म्हणालं, शेतासाठी गाडी घ्यायची आहे, तर त्याला आधी विचारावं लागतं, शेत कुठं आहे? कारण नारपोलीत आता शेत उरलेलं नाही. मी शाळेत होतो तेव्हा अंजूरफाट्याच्या अलीकडे-पलीकडे भाताची खाचरं होती. पावसाळ्यात बांधांवरून चालत शाळा गाठावी लागे. त्या खाचरांवर आधी यंत्रमागांचे गाळे आले, मग सायझिंग, डाईंग, आणि पुढे राहनाळ, पूर्णा, काल्हेर, दापोडे, वळ असं करत गोदामांची रांग पार खाडीपर्यंत गेली. जमिनी विकून जे पैसे आले त्यातून आमच्या बऱ्याच आगरी घरांनी कुडूस, वाडा, शहापूरकडे जमिनी घेतल्या. राहणं नारपोलीत आणि शेती वाड्याच्या बाजूला, असा आमचा संसार झाला.

माझा पुतण्या तिकडची शेती बघतो. त्याला नवी पिकअप घ्यायची आहे आणि चारही चाकांना जोर असलेली घ्यावी की साधी, हे त्याने मला विचारलं. माझं आयुष्य गॅरेजमध्ये गेलं, त्यामुळे विचारलं. मी त्याला मॉडेलचं नाव न सांगता आमच्या शिवाराची आणि गाड्यांची सगळी कथा सांगितली. ती न कळता केलेली निवड मला पटत नाही. तीच इथे लिहितो आहे.

आमच्याकडचा पाऊस साधारण अडीच हजार मिलिमीटरचा, आणि तो सगळा जूनपासून सप्टेंबरपर्यंतच्या चार महिन्यांत. खाचरातली माती चिकण, खाडीकाठच्या खाजणात तर त्याहून जड. उन्हाळ्यात राब भाजायचा, पहिल्या पावसाला पेरायचं, आषाढात चिखलणी करून आवण लावायची, आणि दिवाळीच्या आगेमागे कापणी. या वेळापत्रकातली एक गोष्ट गाडीच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. जड माल हलवायचा तो पाऊस संपल्यावर. भाताचे भारे खळ्यावर आणायचे, उडवी रचायची, झोडणी करून धान्य घरी न्यायचं, पेंढा विकायचा, हे सगळं कार्तिकापासून पुढे. तोवर खाचरं वाळून टणक झालेली असतात. बांध फोडून गाडीवाट केली की बैलगाडी थेट खळ्यापर्यंत जाई. लाकडी चाक, त्यावर लोखंडी धाव, वर पंधरा-वीस मणांचं ओझं. कोरड्या ढेकळांवर ती गाडी मजेत चाले.

पावसाळ्यात मात्र बैलगाडी घरच्या मांडवाखाली उभी असे. बैल चिखलणीला, आणि चाक शेतात घालण्याचा प्रश्नच नव्हता, कारण धावेचं अरुंद चाक चिखलात तुंब्यापर्यंत जाणार. मग आवणाच्या मुठी, खताच्या पाट्या, मजुरांचं जेवण, हे कशाने जाई? बायकांच्या डोक्यावरून. गाडीच्या इतिहासात हे कुणी लिहीत नाही. आमच्या भागात चार महिन्यांची वाहतूक माझ्या आजीच्या, आईच्या, मावशांच्या डोक्यांनी आणि कमरांनी केली. पुढे जे वाहन आलं त्याचा खरा हिशेब मी तरी याच ओझ्याशी मांडतो.

ते वाहन होतं जीप. अमेरिकी सैन्याने १९४० साली पाव टन माल वाहणारी, हलकी, चारही चाकांनी ओढणारी गाडी मागवली आणि विलीज व फोर्ड या कंपन्यांनी युद्ध संपेपर्यंत अशा सहा लाखांहून जास्त गाड्या बांधल्या. आमच्या शेजारी, आज जिथे उल्हासनगर आहे तिथे, युद्धकाळात सैन्याची मोठी छावणी होती. जुनी माणसं अजून त्याला कल्याण कॅम्पच म्हणतात. ठाणे जिल्ह्यातल्या माणसांनी जीप पहिल्यांदा पाहिली ती त्या सैन्याची. युद्ध संपताच १९४५ मध्येच विलीजने शेतकऱ्यांसाठी नागरी जीप बाजारात आणली. मागे पी. टी. ओ. म्हणजे इंजिनाचा जोर बाहेर देणारा शाफ्ट बसवून तिच्यावर पंप, करवत, मळणीयंत्र चालवा, नांगर ओढा, अशी तिची जाहिरात असे. म्हणजे शेतीची गाडी म्हणून जीपचा विचार अगदी पहिल्या दिवसापासून होता.

आपल्याकडे जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र महिंद्रा या भावांनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्याबरोबर १९४५ मध्ये ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही कंपनी काढली. धंदा पोलादाचा होता. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ मध्ये कंपनीच्या नावात दोन्हीकडे महिंद्रा आलं. त्याच सुमाराला विलीजच्या जीपांचे सुटे भाग मागवून मुंबईत माझगावला जोडणी सुरू झाली. माझगाव नारपोलीपासून फार तर चाळीस किलोमीटर. आमच्या शेताला लागणारी गाडी आमच्या इतक्या जवळ बनत होती, पण ती आमच्यापर्यंत यायला जवळजवळ तीस वर्षं लागली.

मधल्या काळात जीप म्हणजे सरकार. २ ऑक्टोबर १९५२ ला सामूहिक विकास योजना सुरू झाली, तालुक्याचे गट झाले, गटविकास अधिकारी आले आणि त्यांच्याबरोबर जीप आली. १ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्यावर तर तालुक्याच्या प्रत्येक कचेरीसमोर जीप उभी दिसू लागली. गावात जीप आली की पोरं मागे धावत. माणसं मात्र वसुली आहे की पाहणी, या काळजीत असत. शेतकऱ्याला नवी जीप परवडणारी नव्हती, आणि त्या काळात कुठलीही चारचाकी नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे.

आमच्याकडे जीप आली ती सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, सरकारी लिलावातली कंडम गाडी. वडिलांनी आणि काकांनी मिळून घेतली. सीजे-३बी, उंच बोनेटची, पेट्रोलची. बोनेट उंच, कारण आतलं सुमारे २.२ लिटरचं हरिकेन इंजिन आधीच्या इंजिनापेक्षा उंच होतं. रंग उडालेला, मागची सीट नव्हतीच. पण तिच्या जमिनीत, गेअरच्या दांड्याशेजारी, दोन छोटे दांडे शाबूत होते. आमच्या घराने गाडी घेतली ती त्या दोन दांड्यांसाठी.

त्यातला एक दांडा पुढचा एक्सल जोडायचा. एरवी इंजिनाचा जोर फक्त मागच्या चाकांना जातो. हा दांडा ओढला की गेअरबॉक्सच्या मागे असलेल्या ट्रान्सफर केसमधून एक शाफ्ट पुढे फिरू लागतो आणि पुढची चाकंही ओढायला लागतात. दुसरा दांडा लो गेअरचा. तो टाकला की गाडीचा वेग निम्म्याहून खाली येतो आणि ओढ दुपटीच्या वर जाते. माणूस चालतो त्या चालीने गाडी चिखलातून जाते, न थांबता, न घसरता. लो टाकण्याआधी पुढचा एक्सल जोडलेला असलाच पाहिजे, नाहीतर सगळा ताण मागच्या एकट्या एक्सलवर येऊन आतला शाफ्ट तुटेल, म्हणून आत एक अडसर बसवलेला असे. मी लहानपणी ट्रान्सफर केस उघडलेली पाहिली ती आमच्याच अंगणात, तरटावर मांडलेली. दातऱ्यांना लागलेलं जाड काळं तेल काका रॉकेलने धूत होते. माझा धंदा त्या तरटावर ठरला असं म्हणायला हरकत नाही.

आणखी एक गोष्ट त्यांनी तेव्हाच शिकवली. पुढचा एक्सल डांबरी रस्त्यावर जोडायचा नाही. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात चाक थोडं घसरून तो फरक भरून निघतो, डांबरावर घसरायला जागा नसते, आणि सगळा पीळ शाफ्टमध्ये साठत जातो. स्टिअरिंग जड होतं, क्रॉस तुटतात, टायर खाल्ले जातात. आजही पिकअपच्या बऱ्याच गाड्यांत यंत्रणा हीच आहे, दांड्याच्या जागी बटण आलं एवढंच.

त्या जीपने आषाढात आवणाच्या मुठी खाचराच्या बांधापर्यंत नेल्या. मागे पाव टनाचा ट्रेलर जोडून खताची पोती नेली. कामवारी नदीला पूर येऊन भिवंडीच्या सखल भागात पाणी शिरलं की माणसं बाहेर काढायलाही ती जाई. आईच्या डोक्यावरचं ओझं मी कमी झालेलं पाहिलं ते तिच्यामुळे. वडील म्हणत, “रस्त्यावं कंची पन गारी चालते, शेतान चालंल ती आपली.” पण तिला पेट्रोल फार लागे. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल इतकं महागलं होतं की पेट्रोलची जीप पाळणं म्हणजे बैलजोडीहून महाग काम. त्यामुळे सगळीकडे गॅरेजवाल्यांचा एकच उद्योग सुरू झाला, पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवायचं.

कंपनीनेही तेच केलं. १९७५ च्या सुमारास महिंद्राने डिझेलची जीप आणली. तिचं इंजिन त्यांच्याच बी-२७५ ट्रॅक्टरच्या इंजिनाच्या घराण्यातलं. गॅरेजवाल्याला याचा फायदा असा, की ट्रॅक्टर दुरुस्त करणारा हात जीपलाही लागू पडे. पुढे कंपनीने फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडून परवाना घेऊन २.१ लिटरचं हलकं डिझेल इंजिन इगतपुरीला बनवायला सुरुवात केली आणि ऐंशीच्या दशकात एमएम-५४० आली. नाशिकला सातपूरचा कारखाना १९८१ पासून चालू झालेला होता. इंजिन इगतपुरीचं, गाडी नाशिकची, आणि मुंबईकडे नव्या गाड्यांचे ट्रेलर येत ते आग्रा रोडने, आमच्या दारावरून. हा रस्ता तेव्हा ठाणे, कशेळी, नारपोली, भिवंडी, पडघा असा जात असे. बायपास झाल्यावर ट्रेलर माणकोलीवरून जाऊ लागले.

इथे एका विसरलेल्या गाडीचं नाव घ्यायला हवं. १९६५ मध्ये महिंद्राने एफसी-१५० हा छोटा ट्रक काढला. चपट्या तोंडाचा, ड्रायव्हर थेट इंजिनाच्या वर बसलेला, मागे पूर्ण लांबीचा हौदा, खाली जीपचेच एक्सल. त्यात फोर व्हील ड्राइव्हही मिळे. शेतासाठी यापेक्षा योग्य गाडी मी पाहिलेली नाही. सगळी लांबी मालाला, चारही चाकांना ओढ, आणि दुरुस्ती जीपच्याच सामानातून. नंतर एफसी-१६० आली. माझ्या गॅरेजमध्ये आलेल्या अशा गाड्यांना लोकांनी वीटभट्टीवर, खाणीवर आणि तबेल्यांवर राबवलं होतं. त्या मार्गाने ही जात पुढे वाढायला हवी होती असं मला आजही वाटतं.

ती वाढली नाही, आणि त्याचं कारण भिवंडीचा यंत्रमाग. आमच्या शहराचं पोट भातावरून कापडावर गेलं. कापड डांबरी रस्त्यावरून जातं. सुताची बाचकी, बीम, ग्रे कापडाचे तागे, हे सगळं गल्लीतून गल्लीत आणि गल्लीतून मुंबईच्या मूळजी जेठा मार्केटपर्यंत न्यायचं. त्याला बारीक, स्वस्त, वळायला सोपं वाहन हवं. फिरोदियांच्या बजाज टेम्पोची हॅन्सीट ही तीनचाकी १९५८ पासून गोरेगावला बनू लागली होती, पुढे कारखाना पुण्याला आकुर्डीत गेला. भिवंडीचा माग आणि टेम्पो एकत्र मोठे झाले. मग मॅटाडोर, १९८६ मध्ये टाटा ४०७, आणि १९८८ मध्ये पुण्याचीच टाटामोबाइल २०६. मागाच्या मालकाला पुढच्या चाकांची ओढ कशाला हवी? त्याला गल्लीतल्या नाल्याच्या झाकणावरून जाणारे स्प्रिंगचे मजबूत पाटे हवेत. मीच शेकड्यांनी गाड्यांना जादा पाटे मारून दिले असतील.

पाठोपाठ गोदामं. मुंबईत माल नेताना महापालिकेची जकात भरावी लागे, म्हणून कंपन्यांनी माल हद्दीबाहेर साठवायला सुरुवात केली, आणि ठाण्याची खाडी ओलांडली की पहिली सपाट, स्वस्त जमीन आमची. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि जकात गेली. तोवर रस्ते, मजूर, वाहतूकदार इथे रुजले होते, आणि ऑनलाइन खरेदीच्या कंपन्यांनी त्याहून मोठी गोदामं उभी केली. २००५ मध्ये टाटा एस आली, दोन सिलिंडरची, आणि गोदाम ते दुकान हे काम तिने घेतलं. बोलेरोची पिकअप त्याहून जड मालाला. अंजूरफाट्यावर सकाळी उभं राहिलं तर या दोन गाड्यांचीच रांग लागलेली असते, आणि त्यात पुढचा एक्सल ओढणारी गाडी शोधूनही सापडत नाही. जिल्ह्यातली शेती या काळात ट्रॅक्टरने सांभाळली. चिखलणीला लोखंडी केज व्हील, रोटाव्हेटर, आणि अलीकडे पंचवीस-तीस हॉर्सपॉवरचे फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर. म्हणजे पुढच्या चाकांची ओढ नाहीशी झाली नाही. ती पिकअपमधून निघून ट्रॅक्टरमध्ये गेली.

यात एक साधा भौतिक हिशेबही आहे. पिकअपमध्ये माल भरला की वजन मागच्या एक्सलवर येतं, मागची चाकं जमिनीला घट्ट बसतात आणि भरलेली गाडी एकट्या मागच्या ओढीवर बऱ्यापैकी जाते. भात दिवाळीनंतर, कोरड्या जमिनीवरून, भरून न्यायचं. त्याला साधी गाडी पुरली. रिकामी पिकअप मात्र ओल्या जमिनीवर अगदी निरुपयोगी. पुढे इंजिनाचं वजन, मागे काही नाही, आणि ओढायचं काम नेमकं त्या हलक्या मागच्या चाकांना. शेतकऱ्याची पावसाळ्यातली फेरी अशीच असते. दोन पोती युरिया, एक फवारणीचा पंप, तीन माणसं. गाडी जवळजवळ रिकामीच.

भातापुरता विचार केला तर हा त्रास वर्षातून थोडेच दिवस होता, लोक सोसत. आमच्या वाड्याच्या शेतीत मात्र पीक बदललं आहे. खाचरात भात आहेच. वाड्याच्या कोलमला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण उताराच्या वरकस जमिनीवर पुतण्याने मांडव घातले आहेत. पावसाळी काकडी, कारली, शिराळी, पडवळ. ही पिकं जुलैपासून सुरू होतात आणि तोडा दिवसाआड. माल रात्री निघून पहाटे कल्याणच्या किंवा वाशीच्या बाजारात पोचलाच पाहिजे, नाहीतर काकडी पिवळी पडते आणि भाव निम्म्यावर येतो. भाताचं ओझं कोरड्या दिवसांतलं होतं, काकडीचं ओझं श्रावणातलं आहे. पन्नास वर्षांपूर्वी जीपने सोडवलेला प्रश्न पीक बदलल्यामुळे पुन्हा आमच्या पुढ्यात आला आहे.

तो कसा आला हे मी गेल्या श्रावणात मांडवाशेजारी उभं राहून पाहिलं. पिकअप साधीच, दहा वर्षं जुनी. क्रेट भरून झाले, पण हौदा अर्धाच भरला होता. वर डांबरी रस्ता दीडशे पावलांवर, मध्ये लाल मातीचा चढ, वर पातळ गाळ. ड्रायव्हरने क्लच सोडला, उजवं मागचं चाक जागेवर फिरायला लागलं, डावं थांबलं. डिफरन्शियलचा स्वभावच असा आहे, ज्या चाकाला अडथळा कमी तेच फिरत राहतं. चाकाने आधी गाळ उडवला, मग खालची मऊ माती खणली, आणि एक्सलचं पोट जमिनीला टेकलं. गोणपाट घातली, फांद्या घातल्या, चार जणांनी धक्का दिला. शेवटी शेजारच्या शेतातल्या फोर व्हील ट्रॅक्टरने येऊन दोर लावून ओढलं तेव्हा गाडी वर गेली. बाजार चुकला नाही, पण उशिरा पोचलेल्या मालाला जो भाव मिळतो तोच मिळाला.

पुढचा एक्सल असता तर गाडी वर गेली असती का? त्या चढावर गेली असती, हे मी खात्रीने सांगतो, कारण तिथे पुढची चाकं गाळाच्या पुढे घट्ट मुरुमावर होती. पण चारही चाकांना जोर म्हणजे कुठूनही निघता येतं, हा समज चुकीचा आहे. पुढे एक आणि मागे एक अशी दोन चाकं घसरली, तर साधे डिफरन्शियल असलेली फोर व्हील गाडीही जागेवरच राहते. आणि रस्त्याचे गुळगुळीत टायर असतील तर चारही चाकं मिळून एकाच गाळात फिरतात. म्हणून मी माझ्या गिऱ्हाइकांना आधी टायर बदलायला लावतो. खोल खाचांचे, माती बाहेर टाकणारे टायर. भिवंडी-वाडा रस्त्याच्या खड्ड्यांत ते आवाज करतात, डिझेलही थोडं जास्त खातात, पण शेतात त्यांचाच उपयोग होतो.

आता बाजारात काय आहे ते. बोलेरोच्या कॅम्परमध्ये फोर व्हील मिळते, टाटाच्या योद्धामध्येही मिळते. दोन्हींचे पाटे मालवाहू गाडीचे, सामान तालुक्याला मिळतं, आणि वाड्याच्या कुठल्याही गॅरेजात हात लावणारा माणूस आहे. वरच्या किमतीत २०१६ पासून इसुझूची व्ही-क्रॉस आणि २०२२ पासून टोयोटाची हायलक्स. चांगल्या गाड्या, लो गेअर आहे, बसायला मोटारीसारख्या. पण हौदा जेमतेम पाच फूट, आणि हायलक्सची किंमत फार. तेवढ्यात साधी पिकअप आणि वर एक फोर व्हील ट्रॅक्टर येतो. ज्याचं शेत म्हणजे फार्महाउस आणि बाग, त्याला ती शोभते. ज्याला क्रेट रचायचे आहेत त्याने दोन दारांची, लांब हौद्याची गाडीच बघावी. डबल केबिनमध्ये पाच माणसं बसतात हे खरं, पण त्या माणसांची जागा हौद्यातून कापलेली असते.

कागदपत्रांचंही बघावं लागतं. पिवळ्या पाटीची मालवाहू गाडी म्हणजे पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस. एकूण वजन ३,००० किलोच्या आत असेल तर परमिटमधून सूट. हायलक्स, व्ही-क्रॉस पांढऱ्या पाटीवर खासगी नोंदवता येतात, त्यामुळे बाजाराच्या दिवशी माल आणि लग्नाच्या दिवशी घरची माणसं असं करता येतं. आमच्या गाड्या ठाण्याच्या एमएच-०४ वर. शेत मात्र २०१४ पासून पालघर जिल्ह्यात. रोज दोन जिल्ह्यांतून गाडी फिरणार, कागद पक्के हवेत.

एक विचार पुतण्यानेच मांडला आणि तो मला आवडला. गाडीवर चार लाख जास्त घालायचे की रस्त्यावर? शासनाची मातोश्री ग्रामसमृद्धी शेत पाणंद रस्ते योजना २०२१ पासून आहे. ग्रामपंचायतीतून पाठपुरावा केला तर त्या चढावर खडी आणि मुरूम पडू शकतो, आणि तो रस्ता वरच्या आदिवासी पाड्यालाही उपयोगी पडेल. समृद्धी महामार्ग आमच्या तालुक्यात आमण्यापर्यंत ५ जून २०२५ ला पूर्ण सुरू झाला. सातशे एक किलोमीटरचा रस्ता नागपूरहून थेट आमच्या दारात आला. तरी शेतातल्या दीडशे पावलांचा प्रश्न तसाच आहे. पाड्यातल्या बायका अजून भाजीच्या पाट्या डोक्यावर घेऊन तोच चढ चढतात. हे माझ्या आईने केलं तेव्हा दुसरा उपाय नव्हता. आज आहे, म्हणून मला ते पाहवत नाही.

दोन्ही करायचं ठरलं आहे. रस्त्यासाठी ग्रामपंचायतीत अर्ज दिला, त्यावर पाड्यातल्या घरांच्या सह्याही घेतल्या. रस्ता होईल तेव्हा होईल, काकडी जुलैतच येणार. म्हणून गाडी फोर व्हीलच घ्यायची, देशी, पाट्यांची, लो गेअर असलेली. लो गेअर नसलेली फोर व्हील मी त्याला घेऊ देणार नाही. चढावर भरलेली गाडी क्लचवर तोलत बसली तर क्लचप्लेट एका हंगामात जळते. हौद्याचा फाळका पूर्ण खाली पडणारा हवा, म्हणजे क्रेट सरकवत भरता येतात आणि बायकांना उचलावे लागत नाहीत. पुढे आणि मागे दोर लावायला चॅसीला जोडलेल्या कड्या, बंपरला नकोत. टायर पहिल्या पावसाआधी बदलायचे.

आणि पुढचा एक्सल कोरड्या महिन्यांतही, महिन्यातून एकदा, शेतातल्या मातीवर जोडून दोन-तीनशे मीटर चालवायचा. वर्षभर न वापरलेल्या ट्रान्सफर केसमधलं तेल खाली बसतं, सील सुकतात, जोडणारा काटा अडकतो, आणि नेमका पहिल्या मोठ्या पावसात दांडा हलत नाही. माझ्याकडे दर जूनमध्ये अशा गाड्या येतात. पुतण्याला मी तारीख ठरवून दिली आहे, दर अमावास्येला. त्या दिवशी तोडा नसतो, मजूर सुट्टीवर असतात आणि शिवारात गाडीला वाट मोकळी असते.